जुना गिझर कोणी बदलायचा? गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



भाड्याच्या घरातला जुना गिझर कोणी बदलायचा, हा प्रश्न मंत्र्यांपर्यंत नेण्याइतका मोठा आहे असे कोणाला वाटत नाही. तो जिन्यात उभ्या उभ्या, एजंटच्या फोनवर किंवा महिनाअखेरच्या हिशेबात मिटवला जातो. मिटवला जातो म्हणजे भाडेकरू स्वतःच्या खिशातून पैसे घालतो, नाहीतर गॅसवर पातेले तापवून आंघोळ करतो, नाहीतर धोका अंगावर घेऊन तसाच राहतो. या तिन्ही प्रकारची माणसे माझ्या ओळखीची आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी वकील नाही. पुण्यात एका वकिलांच्या कार्यालयात टायपिंग करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्या टेबलावर सर्वांत जास्त टाइप झाले ते लिव्ह अँड लायसन्सचे करार. मी स्वतःही भाड्यानेच राहते. आता घरी असते, पण लातूर, नांदेड, जळगावकडून नोकरीसाठी आलेली मुले-मुली आणि नवी लग्न झालेली जोडपी ‘काकू, सही करायच्या आधी एकदा वाचून द्या ना’ म्हणून करार घेऊन येतात. मी वाचते, समजावून सांगते. काही महिन्यांनी त्यांच्यातलेच कोणी परत येते आणि विचारते, ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात. मालक गिझर बदलायला नाही म्हणतात. आता काय करायचे?’ या प्रश्नाला आपल्या राज्याच्या कायद्यात आज सरळ उत्तर नाही, आणि ते देणे आपल्या खात्याच्या हातात आहे.

गिझर हे एक उदाहरण झाले. त्याच्या जागी भिंतीतले गंजलेले जीआय पाइप धरा, किटकॅट फ्यूजवर चाललेले जुने वायरिंग धरा, सतत वाहणारी फ्लशची टाकी धरा, कुजलेली खिडकीची चौकट धरा. या सगळ्या वस्तू मोडत नाहीत, त्या म्हाताऱ्या होतात. मोडलेल्या वस्तूबद्दल भांडता येते, कारण कोणी तरी ती मोडलेली असते. म्हातारी झालेली वस्तू मात्र कालपर्यंत चालत होती, आजही कशीबशी चालते आणि उद्या चालेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. ‘चालतंय की अजून!’ हे मालकाचे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की करारात ते वेगळे छापायचीही गरज उरलेली नाही.

पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत, वाघोली असो की हिंजवडीच्या आसपासचा भाग, अनेक सोसायट्या बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर जगतात. हे पाणी जड असते. त्यातले क्षार गिझरच्या कॉइलवर थरावर थर चढवतात. कॉइलला उष्णता बाहेर टाकता येत नाही, ती जास्त तापते आणि तिच्यावरचे आवरण तडकते. पाण्यात वीज उतरायला सुरुवात होते ती इथून. घरातले अर्थिंग नीट असेल आणि वीज गळताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवलेले असेल तर वीज तिथल्या तिथे बंद पडते. जुन्या घरात अनेकदा या दोहोंपैकी एकही नसते. मग नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत त्या मुंग्यांवर भागेलच असे नाही. गिझरच्या टाकीवर दाब सोडणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. तोही क्षारांनी बसतो आणि बसला आहे हे बाहेरून दिसत नाही.

या सगळ्यात भाडेकरूने काय केले? त्याने आंघोळ केली. पाणी जड आहे यात त्याचा हात नाही. गिझर त्याच्या आधीच्या तीन भाडेकरूंनीही वापरलेला असतो. तरी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला मालकांनी सांगितले, ‘तुम्ही वापरता, तुम्हीच बदला.’ वायरमनने लिहून दिले होते की कॉइल गळते आहे, टाकी आतून गंजली आहे, दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही, नवाच बसवा. त्यावर मालकांचे उत्तर होते की पाणी गरम होते ना, मग गिझर चांगला आहे. घरात चार महिन्यांचे बाळ होते. शेवटी त्या दोघांनी स्वतःच्या पैशांनी नवा गिझर आणला. वर्ष संपल्यावर करार पुढे वाढला नाही आणि नवा गिझर तिथेच राहिला, कारण भिंतीत बसवलेली वस्तू काढायची नाही असे करारात होते. पुढच्या भाडेकरूला ते घर ‘नवीन गिझरसह’ म्हणून दाखवले गेले. भाडेही वाढवले गेले.

गॅस गिझरचे प्रकरण याहून गंभीर आहे. बंद, लहानशा न्हाणीघरात जुना गॅस गिझर चालू राहिला आणि हवा खेळती नसली तर गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी चक्कर येते आणि आतून कडी लावलेली असल्यामुळे बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर होतो. महाराष्ट्रातल्या शहरांत अशा मृत्यूंच्या बातम्या थंडीच्या दिवसांत आपण सगळेच वाचतो. त्या बातमीत न्हाणीघराला खिडकी होती का, एक्झॉस्ट पंखा होता का, गिझर किती जुना होता आणि तो कोणाच्या मालकीचा होता, हे फारसे छापून येत नाही.

आता कायद्याकडे येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आपल्याच खात्याचा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम १४ मी अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी वाटले आहे की ते लिहिणाऱ्याला भाड्याच्या घरातले जगणे ठाऊक होते. घर राहण्याजोगे, दुरुस्त स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ते म्हणते. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा. इमारतीतल्या अनेकांनी मिळूनही हे करता येते. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असेही तिथे म्हटले आहे. आपल्या देशात गरिबाने ठेवलेल्या पावतीला इतका मान देणारी कलमे थोडी आहेत.

पण या कलमाला दोन भोके आहेत, आणि त्यांतून जवळजवळ सगळे भाडेकरू खाली पडतात.

पहिले भोक जुन्या चाळींच्या बाजूचे आहे. वर्षभरात भाड्यातून वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये, अशी मर्यादा आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या पागडीच्या खोलीत महिना २०० रुपये भाडे भरणारा माणूस धरा. वर्षाचे भाडे २४०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. ६०० रुपयांत आज वायरमन घरी येऊन बघून जाईल, वायर येणार नाही. तिथल्या मालकाची बाजूही मला कळते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली आणि आता वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली तरी २०० चे २०८ होतात. अशा भाड्यात कोणी जिने आणि पाइप बदलावेत असे मी म्हणणार नाही. उपकरप्राप्त इमारतींची मोठी दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे आहे, पुनर्विकासाचा वेगळा रस्ता आहे, आणि त्यातली दिरंगाई हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. इथे तो मी बाजूला ठेवते.

दुसरे भोक मोठे आहे. लिव्ह अँड लायसन्सवर महिना २५ हजार भाडे भरणाऱ्या माणसाला हे कलम लागू असते तर वर्षाचे भाडे ३ लाख, म्हणजे ७५ हजारांपर्यंतची दुरुस्ती त्याला करून घेता आली असती. गिझर, वायरिंग, पाइप सगळे त्यात बसले असते. पण त्याला ते लागू नाही. कारण तो भाडेकरू नाही, कायद्याच्या भाषेत तो लायसन्सी आहे. त्याच्या करारातच ठळकपणे लिहिलेले असते की या कराराने भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. कलम १४ मध्ये शब्द आहे तो भाडेकरू. जिथे भाडे इतके कमी आहे की कलमाचा उपयोग नाही, तिथे कलम लागू आहे. आणि जिथे भाडे भरपूर आहे, मालकाला दुरुस्ती परवडते, तिथे ते पोहोचतच नाही.

लायसन्सीसाठी मग काय उरते? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम उरतो. लायसन्स म्हणजे काय हे त्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि जागा देणाऱ्याची कर्तव्ये पुढे कलम ५७ आणि ५८ मध्ये. जागेतला एखादा दोष लायसन्सीच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोक्याचा असेल आणि तो मालकाला माहीत असून लायसन्सीला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. आणि जागा धोकादायक होईल असे काही स्वतः करता कामा नये. बस, एवढेच. गिझरला शॉक लागतो हे मालकाने सांगितले, किंवा ते तुम्हाला आधीच कळलेले आहे, की या कलमाखालचे त्याचे कर्तव्य पुरे होते. तो बदलून द्या असे हा कायदा त्याला सांगत नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, कलम १०८ मध्ये, मालकाने त्याच्यावर बंधनकारक असलेली दुरुस्ती केली नाही तर ती करून पैसे भाड्यातून कापण्याची सोय आहे. जागा परत करताना वाजवी झिजेची भरपाई भाडेपट्टेदाराने द्यायची नाही, हेही तिथे आहे. पण हे भाडेपट्टेदाराचे हक्क, लायसन्सीचे नव्हेत.

मालकाच्या हाती मात्र कायद्याने चांगली साधने दिली आहेत, आणि ती द्यायलाही हवीत. मुदत संपूनही लायसन्सी घर सोडत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तिथे संक्षिप्त पद्धतीने काम चालते, आणि लायसन्सीला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. घर रिकामे करून घ्यायला एक दार आहे. घर सुरक्षित करून घ्यायला लायसन्सीला ते दार नाही, त्याने दिवाणी न्यायालयात जावे. ११ महिन्यांच्या करारातला माणूस गिझरसाठी दिवाणी दावा लावील आणि निकाल लागेपर्यंत त्याच घरात राहील, अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही.

हे करार सरकारच्या नजरेआडही होत नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ प्रमाणे प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकूण शुल्कावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क शासन घेते, महापालिका हद्दीत १००० रुपये नोंदणी फी घेते. दोन्ही बाजूंचे आधार, फोटो, अंगठा सगळे ऑनलाइन जमा होते. घरात पंखे किती, दिवे किती, गिझर आहे की नाही, याची यादीही अनेक करारांना जोडलेली असते. म्हणजे त्या घरात गिझर आहे याची सरकारदरबारी नोंद झालेली असते. फक्त तो चालू स्थितीत, सुरक्षित असला पाहिजे हे कुठेच लिहिलेले नसते. उलट बहुतेक करारांत छापलेले असते की लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत सांभाळावी आणि नुकसान झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करावे. ‘नेहमीची झीज वगळून’ हे शब्द असले तर नशीब. मी टाइप केलेल्या कित्येक मसुद्यांत ते नव्हते, कारण मसुदा मालकाच्या बाजूने येत असे आणि त्यात एक शब्द बदला म्हणणारा भाडेकरू मला क्वचितच दिसला.

तो म्हणत का नाही, हे आपल्याला ठाऊक असेल, पण स्पष्ट लिहिते. घर मिळणेच अवघड असते. मुलगी एकटी राहणार असेल तर तिला वेगळे प्रश्न विचारतात. आडनाव विचारून घर नाकारले जाते, ताटात काय असते हे विचारून नाकारले जाते, धर्म पाहून नाकारले जाते. ज्याला दहा दारांवरून परत पाठवले आहे, तो अकराव्या दारी मिळालेल्या घरात गिझरची तक्रार करत नाही. शहरातली सर्वांत जुनी वायरिंग, सर्वांत गंजके पाइप अशाच माणसांच्या वाट्याला येतात आणि सर्वांत कमी तक्रारीही त्यांच्याच असतात. ज्यांना घर सहज मिळते त्यांनाही करार न वाढण्याची भीती असते. नवे घर म्हणजे एजंटची एक महिन्याची दलाली, नवे डिपॉझिट, टेम्पो, मुलांच्या शाळेचा लांबलेला रस्ता. या खर्चापुढे गिझरचे सात-आठ हजार कमी वाटतात, म्हणून ते निमूट भरले जातात. मालकाला नकार द्यायला काहीच लागत नाही, तो नकार भाडेकरूला नेहमी महागात पडतो.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली आणि तो राज्यांकडे पाठवला. घर आणि भाडे हा राज्याचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्याने ठरवायचे. उत्तर प्रदेश आणि आसामने त्या धर्तीवर कायदे केले आहेत. महाराष्ट्राने अजून केलेला नाही. हा कायदा स्वीकारावा अशी मागणी होत असते, आणि त्यातल्या काही गोष्टी मलाही हव्या आहेत. राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांचे भाडे, तंट्यासाठी भाडे प्राधिकरण आणि भाडे न्यायालय, मालकाने दुरुस्ती नाकारली तर ती करून महिन्याच्या निम्म्या भाड्यापर्यंतची रक्कम दर महिन्याला वळती करण्याची सोय.

पण त्याची दुसरी अनुसूची आपण स्वतः एकदा वाचावी अशी माझी विनंती आहे. दुरुस्तीची विभागणी तिथे दिली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणे, आतले-बाहेरचे वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर आणि नळ, संडास आणि बेसिनची दुरुस्ती, स्विच, सॉकेट, स्वयंपाकघरातल्या बसवलेल्या वस्तू, आणि गिझरची दुरुस्ती हे भाडेकरूकडे. वॉशर मी समजू शकते. तो दहा-वीस रुपयांचा असतो आणि रोज नळ पिळून तो झिजतो. पण गिझर? आयुष्य संपलेल्या गिझरची ‘दुरुस्ती’ भाडेकरूकडे दिली की मालकाला पुढची दहा वर्षे तोच गिझर भिंतीवर ठेवता येईल. येणारा प्रत्येक भाडेकरू कॉइल बदलत राहील, टाकी गंजत राहील. हा कायदा दुरुस्तीबद्दल बोलतो, वस्तूच्या वयाबद्दल बोलत नाही. आपल्या कलम १४ मध्येही हीच उणीव आहे. जिथे दुरुस्ती होऊ शकत नाही, बदलावीच लागते, तिथे काय, हे दोन्हीकडे लिहायचे राहून गेले आहे.

शिफ्टवर रिक्षा चालवणारा माणूस मालकाला रोजचे भाडे देतो आणि गॅस स्वतः भरतो. इंजिन जुने होऊन बसले तर ते उतरवण्याचा खर्च मालकाचा, यावर आमच्या चौकातल्या स्टँडवर कधी वाद झालेला मी ऐकला नाही. जी वस्तू मालकाची आहे, जिच्यामुळे त्याला भाडे मिळते, तिचे म्हातारपणही मालकाचे असायला हवे. घराच्या बाबतीत एवढी साधी गोष्ट कायद्यात यावी असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेली आमच्या वाड्यातली मुले सांगतात की तिथे दरवर्षी माणूस येऊन गॅसची उपकरणे तपासून जातो आणि प्रमाणपत्राची प्रत भाडेकरूला मिळते. ते मालकाच्या चांगुलपणाने होत नाही, नियमाने होते. पाणी, गॅस, वीज, संडास आणि पाणी तापवण्याची साधने दुरुस्त ठेवणे हे तिथे १९८५ च्या कायद्याच्या कलम ११ ने अल्प मुदतीच्या भाडेकरारांतही मालकावर टाकलेले आहे, आणि करारात एक ओळ घालून मालकाला त्यातून सुटता येत नाही. आपल्याकडच्या कलम १४ मध्ये मात्र ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी पळवाट आहे. करार मालक लिहितो, तेव्हा विरुद्ध करार नेहमीच असणार.

मालकांची चिंता मी हलकी मानत नाही. पुण्यात आयुष्यभराच्या पुंजीतून दुसरा फ्लॅट घेतलेली, त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी निवृत्त माणसे मी ओळखते. त्यांची भीती वेगळी आहे. १९७३ साली या राज्याने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सींना एका फटक्यात भाडेकरू केले होते. मुदतीपुरते दिलेले घर कायमचे हातचे जाईल ही धास्ती तेव्हा बसली आणि पन्नास वर्षांनंतरही ११ महिन्यांच्या करारात, ‘भाडेकरू हक्क नाही’ या कलमात ती दिसते. म्हणून स्पष्ट सांगते, मी ते मागत नाही. मुदत संपल्यावर लायसन्सीने घर सोडावे, कलम २४ जसे आहे तसे राहावे. मला घराचा ताबा नको, घर राहण्याजोगे असण्याचा हक्क हवा आहे. या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या करता येतात, आणि त्या वेगळ्या केल्या तर निवृत्त मालकाचेही काही बिघडत नाही. नवा गिझर त्याच्याच घरात, त्याच्याच मालकीचा राहतो.

साहेब, मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ या नावाने राज्याचे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे, नोकरदार स्त्रिया, विद्यार्थी, कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही विचार आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण जी घरे आज भाड्याने दिलेली आहेत, त्यांत आज लाखो माणसे झोपतात आणि आंघोळी करतात, त्यांच्यासाठी ना सिमेंट लागत ना निधी. काही ओळींची दुरुस्ती लागते.

कलम १४ चे संरक्षण लायसन्सीलाही लागू करा. पाणी, वीज, गॅस आणि संडास यांच्या बाबतीत ‘विरुद्ध करार’ चालणार नाही असे लिहा. वस्तू दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेली आहे असे परवानाधारक वायरमन किंवा प्लंबरने लेखी दिले तर ती मालकाने बदलावी, भाडेकरूच्या हयगयीने बिघडली असेल तेवढाच अपवाद. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचे दार लायसन्सीलाही उघडा आणि जिवाला धोका असलेल्या तक्रारीला थोड्या दिवसांची मुदत घाला. तक्रार केली म्हणून मुदतीच्या मधेच घर सोडायला लावता येणार नाही, हेही लिहावे लागेल, नाहीतर बाकीचे सगळे कागदावर राहील. आणि महसूल खात्याशी बोलून नोंदणीच्या ऑनलाइन नमुन्यात दोन रकाने वाढवून घ्या: गिझर आणि वायरिंग कोणत्या वर्षीचे, आणि अर्थिंग शेवटचे कधी तपासले. त्यासाठी नवे कार्यालय लागत नाही. संगणक प्रणाली आहे, नोंदणी सक्तीची आहे, फक्त प्रश्न विचारायचा आहे.

हे पत्र भाड्याने राहणारे बरेच जण वाचतील, म्हणून त्यांना दोन शब्द. कायदा बदलेपर्यंत सही करण्याआधी प्रत्येक नळ, प्रत्येक स्विच चालवून पाहा. यादीत ‘गिझर १’ एवढेच न लिहिता तो कोणत्या स्थितीत आहे ते लिहून घ्या, फोटो ठेवा. ‘नेहमीची झीज वगळून’ आणि ‘जुनी झालेली उपकरणे बदलण्याची जबाबदारी मालकाची’ हे शब्द मागून घ्या, मागितले तर काही मालक देतातही. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा, वायरमनचे मत लेखी घ्या, बिले जपून ठेवा. लायसन्सवर राहत असाल तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाड्यातून पैसे कापू नका, करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. आणि नळाला मुंग्या येत असतील तर मालकाच्या उत्तराची वाट पाहू नका, गिझरचा स्विच बंद करा आणि तो चालवू नका.

मंत्रिमहोदय, भाडे नियंत्रण कायदा आपल्या खात्याकडे आहे. कलम १४ मध्ये लायसन्सीला आणणारे दुरुस्ती विधेयक येत्या अधिवेशनात मांडा, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपली,
पुण्यातील एक भाडेकरू